तीस लाख पावलं

१

पोस्टमन जिन्यावरून पडला तेव्हा सकाळचे पावणेबारा झाले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाईंना रजिस्टर पत्र देऊन, त्यांची थरथरती सही घेऊन तो खाली उतरत होता. दुसऱ्या वळणावर त्याचा डावा पाय घोट्यात तुटला. गुडघ्याखालचा तो पाय कृत्रिम होता. अकरा पायऱ्या आणि खाली लोखंडी कठडा. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पिशवीतून सांडलेली पत्रं शेजाऱ्यांनी गोळा केली आणि कुणीतरी तिथेच पायरीवर बसून ती घरांच्या क्रमानं लावून ठेवली.

चौथ्या दिवशी निरीक्षक बाई पाय बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये आल्या. वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या कचेरीत त्यांची सव्वीस वर्षं गेली होती, निवृत्तीला दोन उरली होती. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेल्या भिंगामुळे कचेरीत त्यांना पाठीमागे 'भिंगबाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

वर्कशॉपचा मालक चाळिशीचा, तुरतुरीत बोलणारा. बाई खुर्चीत बसायच्या आधीच त्याच्याकडे उत्तर तयार होतं.

"माणसाला पाय बसवून देतो त्या फिटरची चूक आहे, बाई. घोट्याचा बोल्ट त्यानं वाजवीपेक्षा जास्त आवळला. त्याला मी घरी बसवलंय. पोलीसही दोनदा जाऊन आले त्याच्याकडे."

"जास्त आवळला हे कुणी पाहिलं?"

"पाहायचं काय त्यात? पाय आमच्याकडून तपासून जातो. मधे हात लागतो तो फक्त त्याचा."

बाईंनी टेबलावरची पुडी उघडली. आत घोट्याच्या जोडाचे दोन तुकडे होते. पायाची नळी आणि पाऊल यांना सांधणारा हा धातूचा ठोकळा. खाली चपटा तळ, वर अंगठ्याएवढी गोल, आतून पोकळ मान. मान तळापासून मोडली होती. त्यांनी भिंग लावलं आणि दोन्ही तुकडे उलटसुलट करून पाहिले. मालकानं दोनदा घड्याळ पाहिलं.

"इकडे या," त्या म्हणाल्या. "बोल्ट जास्त आवळला की आटे ओढले जातात. हे आटे कोरे करकरीत आहेत. आणि मोडलेला भाग बघा. या कडेची एवढीच पट्टी खरबरीत आहे, ती शेवटी एका झटक्यात तुटली. बाकी सगळा भाग गुळगुळीत आणि त्यावर वळ्या आहेत. झाडाच्या बुंध्यात असतात ना, तशा."

त्यांनी मान आणि तळ मिळतात त्या आतल्या कोपऱ्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं.

"म्हणजे काय?" मालकानं विचारलं.

"म्हणजे हा जोड जिन्यावर तुटला नाही. तो कित्येक आठवडे तुटत होता. रोज थोडा थोडा, आणि त्याच्यावर उभा राहून पोस्टमन पत्रं वाटत होता."

२

चाचणीची खोली इमारतीच्या मागच्या टोकाला होती. छताच्या दांडीवर जोडी नसलेले पाय टांगलेले, आणि मधोमध एक ठोकायंत्र. यंत्राचा एक हात टाचेवर दाब द्यायचा, दुसरा चवड्यावर. एका सेकंदाला एक पाऊल. वर काळ्या पट्टीवर आकडा.

तिथे दोघं उभे होते. एक मास्तर: साठी ओलांडलेले, खाकी कोट, एकतीस वर्षं याच खोलीत. लेथवर धातू कातून जोड बनवायचे तेच आणि यंत्रावर मोडून बघायचे तेच. दुसरी इंजिनिअर ताई. हा जोड तिनं आखला होता. तिचे डोळे रडून सुजले होते.

"मी मानेची भिंत सहा मिलिमीटरवरून पाचवर आणली," बाईंनी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली. "जाडी कमी केली. पाय हलका व्हावा म्हणून. माझाच हट्ट होता."

"ताई, गप बस," मास्तर हळूच म्हणाले. "बाई, हिचा जोड चारशे किलोला दाबून पाहिलाय. शंभर किलोच्या माणसासाठी चारशे. चौपट हात राखून."

"आणि तरी तुटला."

"चारशे किलो ही एकदाच मारलेली थप्पड झाली. थप्पड माणूस सोसतो, रोजचा टोमणा नाही सोसत. म्हणून तर हे यंत्र. चालताना पडतो तेवढाच दाब, पण तीस लाख वेळा. तीस लाख पावलं यंत्र चालतं, मगच माणसानं पहिलं पाऊल टाकायचं."

"आणि मधेच नमुना तुटला तर?"

"यंत्र आपोआप थांबतं. तिथेच नापास."

त्यांनी रजिस्टर काढून दिलं. टपोऱ्या, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सुरुवात एक तारीख, सकाळी दहा. अखंड चालू. तीस लाख पूर्ण. तडा नाही. खाली मास्तरांची सही, तिच्याखाली मालकाची.

"मधे एकदाही थांबलं नाही?"

"एकदाही नाही," मास्तर म्हणाले.

"मास्तर पस्तीस दिवस यंत्राला राखत बसले होते," ताई म्हणाली. "पंचवीस ते सत्तावीस तारखेला मालक आणि मी बाहेरगावी होतो, मोठ्या हॉस्पिटलला नमुने दाखवायला. तेव्हासुद्धा हे एकटे. माझे आधीचे दोन जोड याच यंत्रावर मोडले, एक चार लाखांना, एक नऊ लाखांना. हा टिकला तेव्हा मला वाटलं..." तिनं डोळे पुसले.

बाईंनी ड्रॉइंग मागितलं. ते त्यांनी खिडकीपाशी नेऊन वाचलं. मानेच्या भिंतीची जाडी पाच. मानेच्या मुळाशी एक बारीक बाण आणि पुढे आकडा: गोलाई दोन. त्यांनी तोही वहीत उतरवला.

"चाचणी झालेला नमुना बघू."

मास्तरांनी कपाट उघडलं. आत वर्षानुवर्षांचे नमुने ओळीनं होते. मास्तरांनी एकेकाच्या बुडाशी ठोकलेल्या नंबरावर अंगठा फिरवला आणि न बघताच हवा तो काढून दिला. ताई ओल्या डोळ्यांनीही जरा हसली. "मास्तरांच्या अंगठ्याला डोळे आहेत," ती म्हणाली.

प्रत्येक नमुन्याखाली यंत्राचा दाब झेलणारी रबराची चकती होती. बाईंनी आणखी चार जुने नमुने मागून घेतले आणि पाचही उलटे करून टेबलावर मांडले. जुन्या चौघांच्या चकत्या घासून आरशासारख्या झाल्या होत्या, कडा झिजून गोल. पाचवीवर साच्यातून निघताना उठलेल्या बारीक रेषा अजून दिसत होत्या.

"हे चौघं तीस लाख पावलं चालले," बाई म्हणाल्या. "हा पाचवा त्यांच्याबरोबर निघाला खरा, पण वाटेत कुठेतरी बसून राहिलेला दिसतोय."

मालकाचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे चाचणी झालीच नाही?" त्यानं मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी यंत्राकडे.

३

चाचणी झाली होती. ते शेजारणीनं सांगितलं.

चाचणीच्या खोलीला लागून, एकाच भिंतीपलीकडे एक शिंपीणबाई राहायची. शिवणयंत्र भिंतीलाच टेकवलेलं.

"झाली नाही कशी?" ती फणकारली. "महिनाभराच्या वर माझ्या डोक्यात घण घालत होते मेले! ठक-ठुक, ठक-ठुक. दिवस नाही, रात्र नाही. आधी कापूस घातला कानात. मग काय, सवय झाली. माझा पाय आपोआप त्याच तालावर पायडल मारायला लागला. शिवण इतकी सरळ आयुष्यात कधी आली नव्हती!"

"कधी थांबलं का ते मधे?"

"नाही हो." ती दोरा ओवता ओवता थबकली. "म्हणजे... एकदा थांबलं. आणि मला चांगलं लक्षात आहे, कारण माझाही पाय थांबला. शाळेचे चाळीस गणवेश होते माझ्याकडे, सव्वीस तारखेला द्यायचे. त्या सकाळी शेवटच्या दोन बाह्या राहिल्या होत्या. एकदम काडकन आवाज झाला भिंतीपलीकडे आणि सगळं गप्प. मी दचकले ती सुई बोटात गेली. ही बघा खूण."

"किती वाजले असतील?"

"साडेदहा. साडेअकराला गणवेश न्यायला येणार होते, मी घड्याळाकडेच बघत होते. ते घेऊन गेले, मी जेवायला बसले, तेव्हा कुठे पुन्हा ठोके सुरू झाले. पण पहिल्यासारखे नव्हते. जरा भरीव. नव्या चपलेचा आवाज वेगळा येतो ना, तसे."

बाईंनी वही मांडीवर घेतली. दिवसाचे सेकंद शहाऐंशी हजार चारशे. एक तारखेच्या सकाळी दहापासून सव्वीस तारखेच्या सकाळी दहापर्यंत पंचवीस दिवस. गुणाकार केला: एकवीस लाख साठ हजार. वर अर्धा तास.

पहिला नमुना तिथे तुटला होता. कुणीतरी दोन तासांत दुसरा बसवला आणि आकडा तिथूनच पुढे चालू ठेवला. दुसरा बिचारा जेमतेम साडेआठ लाख चालला आणि तीस लाखांचा मानकरी होऊन कपाटात बसला.

"आणि त्या माणसाचा पाय किती चालला होता," बाई उठता उठता स्वतःशीच म्हणाल्या, "ते आता शोधलं पाहिजे."

४

पोस्टमनची मुलगी प्राथमिक शाळेत शिकवायची. आई लहानपणीच गेलेली. घरात बाप आणि लेक दोघंच. बापाचे कपडे अजून दोरीवर वाळत होते. ते काढायला कुणाचा हात धजला नव्हता.

"दोन वर्षांपूर्वी गाडीनं उडवलं तेव्हा पाय गेला," ती म्हणाली. ती रडत नव्हती, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखी बोलत होती. "कचेरीनं शिक्के मारायच्या टेबलावर बसवलं. बाबा म्हणायचे, मी काय शाईची गादी आहे? पाय बसल्याबरोबर हट्टानं आपली गल्ली परत मागून घेतली."

"पायाच्या फॉर्मवर 'बैठं काम' असं लिहिलंय."

"माप घेतलं तेव्हा बैठंच होतं ना. नंतर कुणी विचारलं नाही, बाबांनी सांगितलं नाही. लपवलं असं नाही. त्यांना वाटलं, पाय म्हणजे पाय."

तिनं बापाची वही आणून दिली. रोज किती घरं, किती अंतर. सरासरी बारा किलोमीटर, महिन्याचे सव्वीस दिवस. बाई विचारत गेल्या आणि लिहीत गेल्या. वजन? ब्याऐंशी. पिशवी? भरलेली अठरा. म्हणजे बरोबर शंभर किलो, यंत्र जेवढा दाब देतं तेवढाच. बारा किलोमीटरमध्ये डावं पाऊल साधारण दहा हजार वेळा पडतं. महिन्याला दोन लाख साठ हजार. पाय बसवून महिने झाले आठ. वर घरातलं, बाजारातलं, सुट्टीच्या दिवशीचं चालणं.

बेरीज एकवीस लाखांच्या पुढे गेली.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. धातू काही पंचांग पाहून तुटत नाही, पन्नास हजार इकडे, पन्नास हजार तिकडे. पण पोस्टमन पडला तो त्याच मैलाच्या दगडापाशी, जिथे पहिला नमुना पडला होता. फिटरचा बोल्ट, फिटरचा हात, काहीही त्यात येत नव्हतं.

"त्या वर्कशॉपचं एक कार्ड आलं होतं," मुलगी अचानक म्हणाली. "तीन महिन्यांपूर्वी. शोधते."

कार्डावर वर्कशॉपचा शिक्का होता. सही नव्हती. 'आपल्या पायाचे रबर मोफत बदलून मिळेल. पाय दोन दिवसांसाठी फिटरकडे जमा करावा. सवडीने यावे.'

"बाबा हसले. म्हणाले, रबर ठणठणीत आहे. आणि दोन दिवस पायाशिवाय राहिलो तर टपाल कोण वाटणार, तुझा मास्तरीणबाईंचा वर्ग?" तिनं कार्ड परत घेतलं आणि पुन्हा वाचलं. "सवडीने. बाई, हे साधं रबराचं कार्ड आहे ना?"

बाईंनी कार्ड पुन्हा हातात घेतलं. त्या कार्डावरची अक्षरं टपोरी, मोठी होती.

५

फिटर घराचं दार अर्धवट उघडून उभा राहिला. चार दिवसांची दाढी वाढलेली. आतून त्याच्या बायकोनं विचारलं, "पुन्हा पोलीस का?"

"बोल्ट मी हातानं आवळत नाही, बाई. मापाच्या पान्यानं आवळतो, तो ठरल्या जागी टक् करतो," तो म्हणाला. "हजारदा सांगितलं. गरिबाचं सांगणं म्हणजे उंबरठ्याबाहेरचं कुत्रं, कोण आत घेतं?"

"मी घेते. रबर बदलायची कार्डं कुणी पाठवली?"

"वर्कशॉपमधून आली. रबराचा एक गट खराब निघाला म्हणे. बारा जणांना हा नवा जोड बसवलाय, बाराही जणांना कार्डं. मी पाय पेटीत भरून पाठवायचो, दोन दिवसांनी पेटी परत यायची. अकरा जण आले. बारावे..." त्यानं मान खाली घातली.

"परत आलेल्या पायात काही वेगळं जाणवलं?"

"मला नाही. पण एक कंडक्टरबाई आहेत, त्या म्हणाल्या, रबर बदलल्यापासून पाय जड लागतो. मी म्हटलं, रबर कसलं जड होतंय."

कंडक्टरबाई बस डेपोच्या बाकावर भेटल्या. बाईंनी ओळखपत्र दाखवलं तशी त्यांनी निमूटपणे पाय सोडून त्यांच्या हाती दिला. "जड आहे की नाही सांगा तुम्हीच," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणतात मनाचे खेळ आहेत."

बाईंनी पिशवीतून मोजपट्टी काढली आणि घोट्यातला जोड सोडवून मानेची जाडी मोजली. पाच नव्हती. सहा होती.

"मनाचे खेळ नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमच्या पायात कुणीतरी दुसरा जोड बसवलाय."

रबराच्या निमित्तानं कुणीतरी अकरा माणसांच्या पायातला बारीक जोड काढून जाड जोड घातला होता. ताईच्या ड्रॉइंगवर असला जोड नव्हता. म्हणजे बारीक जोड तुटणार हे त्या माणसाला माहीत होतं. पोस्टमन पडायच्या कितीतरी महिने आधी.

परतीच्या वाटेवर बाईंनी मनातल्या मनात एकेकाला बाजूला काढलं. मालकाला कळलं असतं तर त्यानं गाजावाजा करून जोड परत मागवले असते किंवा हात झटकले असते. आणि गुपचूप एकेक ठोकळा कातायचा तर त्याला लेथ कुठून सुरू होतो हेही ठाऊक नव्हतं. ताईला कळलं असतं तर तिनं आधी ड्रॉइंग बदललं असतं. शिवाय सव्वीस तारखेला सकाळी साडेदहाला ते दोघं दुसऱ्या गावी, हॉस्पिटलच्या डॉक्टरांसमोर उभे होते.

६

मास्तर यंत्राजवळच्या स्टुलावर बसले होते. ताई आणि मालक दाराशी. बाईंनी रजिस्टर आणि कार्ड शेजारी शेजारी ठेवलं. टपोरी अक्षरं, मोठी अक्षरं. मग कंडक्टरबाईंच्या पायातला जोड ठेवला.

"बोलायचंय का?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी खाकी कोटाच्या खिशातून एक फडकं काढलं. त्यात दोन तुकडे होते. पहिला नमुना. आठ-नऊ महिने तो त्यांच्या खिशात होता.

"बंदुकीचा बार उडाल्यासारखा आवाज झाला," ते म्हणाले. "त्याच्या अर्धा तास आधी हिचा फोन आला होता. हॉस्पिटलला जोड पसंत पडला म्हणून. पोरीच्या आवाजात एवढा आनंद मी कधी ऐकला नव्हता. दोन जोड आधीच या यंत्रानं, म्हणजे मीच मोडले होते. मालक म्हणाले होते, तिसरा मोडला तर ताईनं दुसरीकडे बघावं. मी दीड तास नुसता बसून राहिलो. मग दुसरा बसवला."

"मास्तर..." ताई दारातून पुढे आली.

"हिशोब केला, बाई. एकवीस लाख. पाय गेलेला माणूस दिवसाला चालून चालून किती चालणार? तीन हजार पावलं? म्हणजे दोन वर्षं हातात आहेत. तोवर मी एकेक जोड बदलतो. कुणाला कळणार नाही, कुणाला लागणार नाही. अकरा बदलले. बारावा माणूस आला नाही. मला वाटलं, बैठं काम आहे, घाई कसली."

"कार्डात धोका आहे असं लिहिलं असतं, तर तो धावत आला असता."

"धोका लिहिला असता, तर कसला ते सांगावं लागलं असतं."

मालक पुटपुटला, "मी न बघता सही केली."

"ताई माझ्या पोरीसारखी..." मास्तर म्हणाले. "तिचं ड्रॉइंग बारीक पडलं. तिची चूक झाकायला गेलो. मला काय ती शिक्षा करा, पण तिच्या नावाला..."

"तिचं ड्रॉइंग बारीक नव्हतं," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान वर केली.

"पाच मिलिमीटर पुरत होतं. हिनं मानेच्या मुळाशी दोनची गोलाई मागितली होती. कोपरा गोल असला की ताण पसरतो. टोकदार असला की सगळा ताण तिथेच गोळा होतो आणि तिथूनच तडा जातो. कापड फाडायला शिंपी आधी कात्रीनं चीर देतो ना, तसं. पोस्टमनच्या जोडाला गोलाई नाही. तिथे नख अडकतं. आणि हा तुमच्या खिशातला..." त्यांनी तो उचलला, भिंगाखाली धरला, नख फिरवलं. "यालाही नाही. हे जोड कुणी कातले?"

"मी," मास्तर म्हणाले. "सगळे मीच. पण गोलाई दिली होती. ड्रॉइंगप्रमाणे."

"नंबर तुम्ही अंगठ्यानं वाचता. रजिस्टर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिता. या कोपऱ्यात अंगठा जात नाही, मास्तर. तिथे डोळेच लागतात."

त्यांनी गळ्यातलं भिंग काढून मास्तरांच्या हातात दिलं. मास्तरांनी तुकडा खिडकीच्या उजेडात नेला, भिंग जवळ आणलं, लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं. त्यांच्या दोन्ही बुबुळांवर दुधाळ पडदा होता, तो त्या उजेडात सगळ्यांना दिसला.

"मला गोलच दिसतोय, बाई," ते म्हणाले.

ताईनं त्यांच्या हातातून भिंग घेतलं, पाहिलं आणि परत ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव नव्हता. मास्तरांनी तो चेहरा चाचपडल्यासारखा पाहिला आणि मग त्यांना कळलं. एकतीस वर्षं सरळ बसलेला माणूस स्टुलावर हळूहळू वाकत गेला.

७

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. फिटरवरचा आळ निघाला. मालकानं त्याला परत बोलावलं, पण तो गेला नाही. बायकोनं जाऊ दिलं नाही म्हणतात. चाचणीच्या खोलीला कुलूप लागलं. मालकाचा परवाना वर्षभरासाठी रोखला गेला, न बघता केलेल्या सहीसाठी. अकराही जणांचे जोड पुन्हा तपासले, कारण जाड जोडही त्याच डोळ्यांनी कातलेले होते. तीन जोडांत बारीक तडे सापडले, त्यातला एक कंडक्टरबाईंचा.

मास्तरांनी पोलिसांपुढे सगळं लिहून दिलं. मोतीबिंदूचं त्यांना दीड वर्षापासून माहीत होतं. सांगितलं तर लेथवरून उठवतील, या भीतीनं ते गप्प राहिले होते. ताईसाठी जे केलं त्याच्या तळाशी हेही होतं, हे त्यांनी आपण होऊन लिहिलं. ताईनं निरीक्षक बाईंना एकदाच फोन केला. "मी बारापैकी एकही जोड स्वतः भिंगाखाली धरला नाही," ती म्हणाली. "मास्तरांनी कातलाय म्हटल्यावर गरजच वाटली नाही." हे अहवालातही लिहावं लागेल, एवढंच बाई म्हणाल्या. ताई 'हो' म्हणाली.

अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी बाई पोस्टमनच्या घरी गेल्या. तसा नियम नव्हता. शाळा सुटून मुलगी नुकतीच आली होती, बोटांना खडू होता. बाईंनी काही न गाळता सगळं सांगितलं.

मुलीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्यांना घरी कोण आहे?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. बायको गेली. मूलबाळ नाही."

"आता डोळ्यांचं काय?"

"ऑपरेशन होऊ शकतं. ते नको म्हणतात. आता काय बघायचंय, म्हणाले."

मुलगी उठली, हात धुतले, पुसले. खिडकीशी जाऊन तिनं खाली गल्लीकडे पाहिलं. नवा पोस्टमन समोरच्या दारात पत्ता शोधत उभा होता. तो चुकीच्या घराची बेल वाजवत होता.

"करायला लावा," ती पाठमोरीच म्हणाली. "तुम्ही सरकारी आहात, तुम्हाला जमेल. मी त्यांना माफ वगैरे करणार नाही. पण तो कोपरा त्यांना एकदा दिसायलाच हवा."

मग तिनं खिडकीतून वाकून नव्या पोस्टमनला हाक मारली आणि त्याला हवं असलेलं घर बोटानं दाखवलं.